टाकीतलं ‘हो’

माझी आई घरात बोलत नसे. रुसलेली असायची म्हणून नव्हे, स्वभावच तसा. पाहुणे फार वेळ बसले तर ती स्टोव्हला जरा जोरात पंप मारायची, आणि माझ्यावर चिडली की भाकरी थापताना परातीचा आवाज बदलायचा. आम्हाला ते सगळं बरोबर कळायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, “कुंदाच्या आईचं बोलणं ऐकायचं तर तिकीट काढावं लागेल.” त्यांना ठाऊक नव्हतं की तिकीट न काढता तिला ऐकायची एक जागा होती, आणि ती आमच्या असल्फ्याच्या डोंगरावरून उतरून थोडं चाललं की साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये होती. तिथे ती लोखंडी टाकीत शिरायची, आणि बाहेर येईपर्यंत तिच्या तोंडाला खळ नसे.

आमच्या गाळ्यात टाक्यांना आतून रबराचं अस्तर देण्याचं काम चाले. टाकी कितीही जाड पत्र्याची असो, तिच्यात अ‍ॅसिड भरलं की ते लोखंडाला खातं. म्हणून आतून रबर बसवायचं. ब्लाउजला अस्तर लावतात तसंच हे, असं आई एकदा शेजारणीला म्हणाली होती, फक्त इथं शिवण उसवली तर कारखान्यात माणूस भाजतो. आधी टाकीचं पोट वाळूच्या माऱ्यानं घासून लख्ख करायचं. त्यावर रबर चिकटवायचं सोल्यूशन फासायचं, ते बोटाला जरा धरेल इतपत सुकलं की कच्च्या रबराची शीट चढवायची, आणि हातातल्या छोट्या रोलरनं मधली हवा कडेकडेनं बाहेर काढत न्यायची. कुठं बुडबुडा राहिला तर पुढं तिथंच फोड येतो आणि अ‍ॅसिडला वाट मिळते. सगळं नीट बसलं की टाकी शेजारच्या गाळ्यातल्या मोठ्या भट्टीत वाफेवर शिजवून आणायची, म्हणजे रबर पक्कं होई. मोठ्या टाक्यांत बाबा आणि सावंतकाका उतरायचे. सावंतकाका मालवणचे, बाबांच्या जुन्या नोकरीतले सोबती. पण लहान टाक्यांचं तोंड इतकं अरुंद असे की बाबांचे खांदे अडकत. तिथं आई जायची. ती अंगानं काडी होती. आधी हात, मग डोकं, मग खांदा तिरका करून ती सुळकन आत जाई, आणि बाबा तोंडाशी उलट्या डब्यावर बसत.

सोल्यूशनला एक गोडसर, डोक्यात चढणारा वास असतो. तो आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यालासुद्धा असे. शाळेत माझ्या बाकावरच्या मुलीनं मला विचारलं होतं, “तुमचं पंक्चरचं दुकान आहे का गं?” मी हो म्हणून टाकलं होतं, कारण खरं सांगायला फार वेळ लागला असता. आता मुलुंडला माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसलेली असताना खालच्या रस्त्यावर कुणी टायरची ट्यूब चिकटवत असेल तर तो वास वर येतो आणि मला एकदम भूक लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं नसतं होत काही. माझं होतं.

हा वास नुसता वास नव्हता. बंद टाकीत तो साठला की माणसाला आधी हसू येतं, मग झोप येते, आणि पुढचं सांगायला नको. बाबा जुन्या नोकरीत असताना त्यांच्या शेजारच्या टाकीत उतरलेला एक मित्र काम करता करता गप्प झाला होता. बाहेरच्यांना वाटलं, मन लावून करतोय. बाबा त्याचं नाव कधी घेत नसत, पण स्वतःचा गाळा घेतला तेव्हा त्यांनी आणि सावंतकाकांनी एक नियम घातला. आत असेल त्यानं सारखं बोलत राहायचं. काय वाटेल ते बोलावं, पण थांबायचं नाही. आणि तोंडाशी बसेल त्यानं प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणायचं. आतलं बोलणं थांबलं तर बाहेरच्यानं त्याच्या कमरेला बांधलेला दोर ओढायचा. बाहेरचं ‘हो’ थांबलं तर आतल्यानं हातातलं टाकून बाहेर यायचं, कारण तोंडाशी आपला माणूस नाही म्हणजे आपण एकटे आहोत. ‘हो’शिवाय दुसरा शब्द नाही. टाकीत आवाज इतका घुमतो की लांब वाक्याचा नुसता गोंधळ होतो, आणि ‘नाही’ या शब्दाचा तर एकच अर्थ ठरलेला होता, ‘काहीतरी बिघडलंय, बाहेर ये’. टाकीशी वाद घालायचा नाही, असं बाबा नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी बजावून सांगत. आणि बाहेर आलं की आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचा, मग पाणी. गुळानं छातीतला वास उतरतो असं सगळ्या गाळ्यांमध्ये मानत. उतरत नाही, हे मला पुढं पुस्तकातून कळलं. तरी अजून माझ्या पर्समध्ये गूळ असतो.

सावंतकाका आत गेले की गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक सगळ्या पात्रांच्या आवाजात म्हणत, राक्षसासकट. बाबा आत गेले की कामाचंच बोलत, ही कड बसली, आता खालची घेतो, रोलर दे. आणि आई आत गेली की आई सगळं बोलायची. माहेरच्या विहिरीचं, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाचं, वांग्याच्या भाजीत कारळाचं कूट किती घालावं याचं. आमच्या आत्याबाई दिवाळीला येऊन तिच्या हातची चकली मऊ पडली म्हणाल्या होत्या, ते तिनं घरात ऐकून घेतलं आणि दोन महिन्यांनी टाकीत काढलं. “तुमच्या बहिणीला सांगा, चकली मऊ नव्हती, तिचे दात हलत होते.” आणि बाहेरून बाबांना म्हणावं लागलं, “हो.” सावंतकाका शीट कापायच्या टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मी डबा घेऊन जायची आणि मुद्दाम रेंगाळायची. आईबद्दल मला जे जे माहीत आहे, ते बहुतेक सगळं मी लोखंडाला कान लावून ऐकलेलं आहे. त्यामुळे मनातल्या मनात तिचा आवाज मला अजूनही जरा घुमूनच ऐकू येतो.

नियम घरातही शिरला होता. मोरीच्या पडद्याआड आई अंघोळीला गेली की बाबा पेपर वाचता वाचता विचारत, “आहेस?” आणि पाण्याच्या आवाजातून येई, “हो.” मी अभ्यास करताना फार वेळ पान उलटलं नाही तरी तेच. “कुंदे, आहेस?” “हो, बाबा.” शेजारी हसत. मला लाज वाटे. पुढं लग्न होऊन सासरी गेले तेव्हा बंद दाराआडून मला कुणीच काही विचारेना, आणि पहिल्या आठवड्यात मला झोप आली नाही.

बारावीनंतरची गोष्ट आहे. मला रसायन शाखेचा डिप्लोमा करायचा होता. सरकारी तंत्रनिकेतनात माझी जागा लागली होती, आणि वडिलांना सोबत घेऊन ती ठरलेल्या दिवसाच्या आत पक्की करायची होती. एवढंच करायचं होतं, आणि तेवढंच होत नव्हतं. बाबांचं म्हणणं, डी.एड. कर. शाळेत शिकव. आमच्या घरात मुलींनी शिकायचं यावर वाद नव्हता. विहारातल्या वंदनेनंतर माझे मार्क सगळ्यांना सांगताना बाबांची छाती फुगायची. पण शिकून मी पुन्हा याच वासात येणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. “आम्ही ह्यात घातलं आयुष्य ते तू बाहेर पडावीस म्हणून,” असं ते एकदाच म्हणाले. त्यानंतर विषय निघाला की ते चपला घालत. भांडण, पाहुण्यांचं देणंघेणं, आजारपण, काहीही अवघड निघालं की बाबा उठून चपलांत पाय सरकवत आणि डोंगर उतरून पानाच्या टपरीवर जाऊन उभे राहत. ते परत येईपर्यंत विषय विझलेला असे. फार प्रेमळ माणूस होता, पण चपलेच्या बाबतीत चपळ.

आणि आई काही बोलत नव्हती. त्या दिवसांत मला बाबांपेक्षा तिचाच राग जास्त यायचा. मी तिला विचारलं, “तुला काय वाटतं ते तरी सांग.” तिनं माझ्या ताटात भाकरीवर ठेचा वाढला, थोडा जास्त, आणि म्हणाली, “जेव.” मी जेवले नाही. तिनं ते ताट झाकून ठेवलं आणि सकाळी त्या भाकरीचा कुस्करा करून मलाच खायला घातला.

जागा पक्की करायचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस होता. त्या दुपारी मी डबा घेऊन गाळ्यात गेले ती तोंड पाडूनच. हवा ओली होती. ओल्या हवेत आमच्या धंद्याची वेगळीच घाई असते. घासून लख्ख केलेलं लोखंड उघडं राहिलं की बघता बघता त्यावर तांबूस गंज धरतो, आणि सोल्यूशन फासून झाल्यावर तर थांबताच येत नाही, शीट बसवून संपवावीच लागते. मध्येच सोडलं तर सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी लहान तोंडाची आडवी टाकी होती. एका बाजूनं पंखा लावून कापडी नळीनं हवा आत सोडलेली, तारेचा पिंजरा असलेला दिवा आत लोंबत होता, आणि आई नुकतीच शिरली होती. बाबा डब्यावर बसले होते, दोराचं टोक मनगटाला गुंडाळून. सावंतकाका टेबलावर पुढची शीट कापत होते. मी डबा खिडकीत ठेवला.

“पहिली शीट घेतली,” आतून आलं.

“हो.”

“वरची कड बसली. रोलर चांगला चालतोय.”

“हो.”

“कुंदा आली का?”

“हो.”

“मग बरं झालं. तिच्यासमोरच बोलते. उद्या पोरीची शेवटची तारीख आहे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सवयीनं त्यांची नजर खाली गेली, पायांकडे. चपला पायांतच होत्या. पण दोर मनगटाला होता, आणि डब्यावरून उठणं म्हणजे टाकी सोडणं. हे त्यांच्या लक्षात आलेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

“ऐकू येतंय का?” आतून.

“हो,” बाबा म्हणाले.

“तिला मास्तरीण नाही व्हायचं. व्हायचं असतं तर तिनं तुमच्यासारखंच मला समजावलं असतं. तिला हे शिकायचंय.”

बाबांनी घसा खाकरला. “ऐकतोय,” ते म्हणाले.

रोलरचा आवाज थांबला. टाकीत नुसता पंख्याचा घोंघाट राहिला. “ऐकतोय म्हणजे काय?” आई म्हणाली. “हो नाही आलं. बाहेर येऊ का मी? शीट अर्धी लटकलीय.”

“अगं नको!” आणि मग घाईघाईनं, “हो. हो, हो. कर तू.”

सावंतकाकांनी कात्री खाली ठेवली. “दादानु, आता काय खरां नाय तुमचा,” ते हळूच म्हणाले. बाबांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

रोलर पुन्हा सुरू झाला. तो रबरावर फिरतो तेव्हा बारीक चुकचुक आवाज होतो, पाल बोलल्यासारखा. त्या आवाजाच्या मागून आई बोलत राहिली. एवढं सलग बोलणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. “तुम्हाला भीती वाटते ते मला ठाऊक आहे. तुमच्या त्या मित्राची आई इथं येऊन गेली होती, तुम्ही कामावर असताना. मी तिला जेवू घातलं. तुम्हाला सांगितलं नाही.”

बाबांचं ‘हो’ या वेळी इतकं बारीक आलं की मलाच ते जेमतेम ऐकू आलं. तिला आत ते पोचलं असावं, कारण ती थांबली नाही.

“आपण काय करतो? बोलत बसतो. मी चकलीचं बोलते, सावंतभाऊजी राक्षसाचं बोलतात, आणि तुम्ही हो म्हणता. ह्याच्यावर माणसं जगतात होय? पोरगी शिकंल तर आत हवा किती सोडायची, कुठून सोडायची, ती मोजून सांगंल. कमी वासाचं सोल्यूशन कुठं मिळतं ते सांगंल. मास्तरीण झाली तर ती एकटी बाहेर पडंल. हे शिकली तर सगळ्यांना बाहेर काढंल. कळतंय का?”

“हो.”

“आणि घरात हे बोलले असते तर तुम्ही चपला घातल्या असत्या.”

बाबांनी उत्तर द्यायच्या आधी एकदा माझ्याकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले.

“मला टाकी का आवडते माहितीय? दम लागतो, गुडघे सोलतात, चार दिवस केसांचा वास जात नाही. तरी आवडते. सगळ्या जगात ही एकच जागा आहे जिथं मी काही बोलले की कुणीतरी हो म्हणतं.”

पंखा चालू होता. सावंतकाका दुसरीकडे बघत होते. बाबांचं तोंड थोडं उघडं राहिलं, आणि मला भीती वाटली की ते काहीतरी बोलतील, समजूत घालतील, आणि ती शीट सोडून बाहेर येईल. पण ते नियमाचे पक्के होते. “हो,” ते म्हणाले.

“मग उद्या सकाळी तुम्ही कुंदाला घेऊन जाणार. तिची जागा पक्की करणार. वाटेत तिला डी.एड.चं काही सांगणार नाही.”

आता मात्र बाबा थांबले. ते ‘नाही’ म्हणाले असते तर आईला नियमानं बाहेर यावं लागलं असतं, टाकीचं काम वाया गेलं असतं, आणि माझीही वाट लागली असती. पण त्यांना टाकीची काळजी होती असं मला त्या वेळीही वाटलं नाही. ते वाकून टाकीच्या तोंडातून आत बघत होते. तिथून तिचे फक्त तळपाय दिसतात.

“अहो? आहात ना?” आतून आवाज आला, आणि तो आता भांडणाचा राहिला नव्हता.

“हो,” बाबा म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, “हो गं. हो.”

“दुसरी शीट द्या,” आई म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती आणि नेहमीसारखी गप्प होती. बाबांनी तिच्या हातावर गूळ ठेवला. तिनं खाल्ला, पाणी प्याली, आणि डबा उघडून आम्हा सगळ्यांना भाकरी वाढली. जसं काही झालंच नव्हतं. संध्याकाळी घरीसुद्धा कुणी अवाक्षर काढलं नाही. मला काही कळेना. टाकीत म्हटलेलं ‘हो’ म्हणजे मी इथं आहे, एवढंच. ते कुठल्या गोष्टीला दिलेलं वचन थोडंच असतं? आत्याबाईंचे दात हलतात यालाही बाबा हो म्हणाले होते, म्हणून काही त्यांनी बहिणीला तसं सांगितलं नव्हतं. मी अंथरुणात पडून हाच विचार करत राहिले.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा दारात उभे होते आणि चपला घालत होते. गेले, मी म्हटलं, टपरीवर गेले. मी पांघरुणात तोंड घातलं. आई परातीत भाकरी थापत होती, आणि तो आवाज मला ओळखीचा वाटेना. तसा तिनं आधी कधी काढलाच नव्हता.

“कुंदे,” बाबांनी दारातूनच हाक मारली, “लोळतेस काय? बस चुकवायचीय का?”

मी उठून बसले. इस्त्रीचा शर्ट होता त्यांच्या अंगावर, लग्नाकार्याचा.

“बाबा, पण तुम्ही...”

“हो म्हटलंय ना मी? आणि ते टाकीशी म्हटलंय. घरात म्हटलं असतं तर बघितलं असतं.”

बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले आणि डी.एड.बद्दल खरंच एक शब्द बोलले नाहीत. उतरताना मात्र म्हणाले, “त्या हवा मोजायच्या यंत्राचं नाव काय असतं?” मला माहीत नव्हतं. “मग शीक,” ते म्हणाले.

मी शिकले. पुढं आयुष्यभर मी टाक्या तपासल्या, आपल्या राज्यातल्या आणि बाहेरच्याही. आता आत उतरायच्या आधी हवा मोजतात, परवाना लागतो, बाहेर उभ्या माणसाच्या हातात वायरलेस असतो. सगळं झकास आहे, आणि मी त्यासाठी खूप भांडले आहे. तरी मी जिथं जिथं होते तिथं पोरांना आत बोलायला लावायची. बाहेरच्याला ‘ओके’ किंवा ‘कॉपी’ म्हणू द्यायची नाही, ‘हो’च म्हणायचं. पोरं मागून माझी नक्कल करत. करू देत.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या पहिल्या टाकीचं. डिप्लोमा झाला, एका तपासणी करणाऱ्या कंपनीत उमेदवारी लागली, आणि योगायोग असा की मला पहिल्यांदा एकटीनं तपासायला दिलेली टाकी आमच्याच गाळ्यातली निघाली. मी साहेबांना सांगितलं, ते माझ्या घरचं काम आहे. ते म्हणाले, मग तर कडकपणे बघ, मी मागून पुन्हा बघणारच आहे. अस्तर सावंतकाकांच्या भाच्यानं बसवलेलं होतं. आईनं टाकीत जाणं तोवर सोडलं होतं, तिला दम लागायचा. अस्तर पक्कं झाल्यावरची तपासणी स्पार्कनं करतात. हातात तारेचा ब्रश असलेलं यंत्र घेऊन रबरावरून इंच इंच फिरायचं. कुठं सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर तिथं निळी ठिणगी तडतडत लोखंडाला जाऊन भिडते. रबर शिजलेलं, सोल्यूशन उडून गेलेलं, हवा मोजलेली. आत काही धोका नव्हता. पण नियम तो नियम. मी आधी हात, मग डोकं, मग खांदा तिरका करून आत गेले, आणि डब्यावर बाबा बसणार एवढ्यात आई म्हणाली, “सरका. मी बसते.”

आणि मला बोलता येईना. आत सगळं काळं, दिव्याच्या उजेडात रबर ओल्या म्हशीच्या पाठीसारखं चमकत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी बापाची नाही, घरातल्या त्या गप्प आईची मुलगी आहे.

“बोल की,” बाहेरून आई म्हणाली.

“ही कड चांगली आहे,” मी म्हणाले.

“हो.”

“इथं काही नाही. खाली जाते.”

“हो.”

एक पट्टा झाला की मी यंत्र बंद करायची, बोलायची, ‘हो’ ऐकायची, पुढं सरकायची. कामाचं बोलणं लवकरच संपलं. मग मी विचारलं आज डब्यात काय आहे, तर ‘हो’. वांगं आहे का, ‘हो’. बाबा परत टपरीवर गेले का, तर मागून बाबांचा आवाज आला, “मी इथंच आहे!” आणि आईनं त्यांना गप्प केल्याचं ऐकू आलं. मग तेही संपलं. टाकीचा शेवटचा कोपरा राहिला होता. आणि बोलायचं तर होतंच.

“आई,” मी म्हणाले, “त्या दिवशी तू टाकीत बोललीस ना बाबांशी, ते मला घरी कधी काढता आलं नाही.”

“हो.”

“मला वाटायचं तुला माझ्याशी काही घेणंदेणं नाही. आणि तू वाट बघत होतीस. ते उठून जाऊ शकणार नाहीत अशा टाकीची वाट बघत होतीस.”

“हो.”

“मी आज इथं आहे ते तुझ्यामुळे. नुसती शिकले म्हणून नाही म्हणत. मला हे काम आवडतं, आई. मला सकाळी उठून हेच करावंसं वाटतं. असं किती बायकांना मिळतं? तुला कुणी हो म्हणत नव्हतं, आणि तू माझ्यासाठी बाबांना हो म्हणायला लावलंस. मी हे फेडू शकणार नाही. फेडायचंही नाही मला. फक्त सांगायचं होतं.”

मी थांबले. ‘हो’ आलं नाही.

“आई?”

काहीच नाही. नियम माझ्या अंगातच होता. मी यंत्र खाली ठेवलं आणि गुडघ्यांवर सरपटत निघाले. टाकी लहानच होती, पण त्या वेळी ती संपता संपेना. तिला दम लागायचा हेच डोक्यात. मी डोकं बाहेर काढलं, खांदा काढला, हात सोललेला मला नंतर कळला. आई डब्यावरच बसली होती. पदराचा बोळा तोंडात होता आणि ती हुंदके देऊन रडत होती. बाबा तिच्या मागे उभे होते, एक हात तिच्या डोक्यावर ठेवून, आणि त्यांचंही काही खरं नव्हतं.

“काय झालं? दुखतंय का कुठं?”

तिनं मान हलवून नाही म्हटलं. मी टाकीच्या तोंडात कमरेपर्यंत अडकलेली, वेड्यासारखी तिचं तोंड बघत होते.

“तुझी आई नियम मोडते,” बाबा म्हणाले. “आजपर्यंत कुणी मोडला नव्हता.”

आईनं पदर काढला, नाक पुसलं. कनवटीला हात घालून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला, काम अर्धं असताना. मी काही बोलणार तर तिनं माझ्या कपाळावर हात ठेवून मला मागं ढकललं, आत.

“इथं नको,” ती म्हणाली. “आत जा. आत जाऊन परत म्हण.”

तोंडात गूळ घेऊन मी परत आत गेले, शेवटच्या कोपऱ्यापाशी बसले, आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. या वेळी प्रत्येक वाक्याला ‘हो’ आलं.